चौकात लावलेले अप्पा

नांदेडला मी फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. वाढदिवस, उद्घाटन, निवडीबद्दल अभिनंदन, दहावा-तेरावा, लोकांना चौकात जे काही टांगायचं असतं ते आम्ही छापतो, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ठोकतो आणि नेऊन बांधतो. माझे वडील माझ्या हातून हरवले ते या कामापायी. बहिणीला मी आधी वेगळंच सांगितलं होतं. पाण्याची बाटली घ्यायला वळलो, तेवढ्यात अप्पा गेले, असं. पाण्याच्या बाटलीला कुणी नावं ठेवत नाही.

आमचं गाव देवणीकडचं. उदगीरला गाडी बदलून नांदेड गाठायचं तर अर्धा दिवस मोडतो. शाळा मी आठवीत सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा सुटली. गुरुजी म्हणायचे, "पोरगं वाईट न्हाई, पण ह्याची मान फिरकीची हाय." फळ्यावर गणित चाललेलं असायचं आणि दारातनं कोंबडी गेली की माझी मान तिला सोडायला पार कोपऱ्यापर्यंत जायची. बाकीच्या पोरांच्याही माना वळायच्या, नाही असं नाही. पण त्यांच्या परत यायच्या.

नांदेडात हीच खोड कामाला आली. आमच्या मालकांना सगळे भाई म्हणतात. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या इथलंच. वडील ब्रशनं दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भाई कॉम्प्युटरवर दोन डिझाइनं शेजारी शेजारी लावायचे आणि मला बोलवायचे. मी स्क्रीनकडं बघायचो आणि ते माझ्याकडं. "बस. तेरी गर्दन जिधर गई, पब्लिक की उधरीच जाएगी." म्हणून तेच डिझाइन छापायला जायचं. जी मान शाळेत चालली नाही तिच्यावर या माणसानं मला भाकर दिली, दुकानाच्या माडीवर राहायला जागा दिली, आणि ताप आला तेव्हा घरून डबा पाठवला. हे मी विसरत नाही.

मला मजकूर वाचायला वेळ लागतो. त्यामुळं फ्लेक्स मी अक्षरांवरून नाही, आकारावरून ओळखतो. वरच्या बाजूला ओळीनं छोटे चेहरे आणि खाली शुभेच्छुकांची लांबलचक यादी, म्हणजे वाढदिवस. नारळ-कलश, म्हणजे उद्घाटन. मधोमध एकच चेहरा, लंबगोलात, मागं निळं आभाळ, कडेनं झेंडूची बॉर्डर, म्हणजे माणूस गेला. चौकातनं जाणारा प्रत्येक जण असाच ओळखतो. वाचत कुणीच नाही. हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच पुढं जे केलं त्याचा राग जास्त येतो.

अप्पा नालबंद होते. बाजाराच्या दिवशी बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि खुरांना लोखंडी पत्र्या मारायच्या. देवणीचा बैल अंगानं दांडगा, आणि खिळा जरा तिरपा गेला की थेट जिवंत मांसात. म्हणून काम चालू असलं की अप्पांची नजर खुरावरून हलायची नाही. पाठीमागं भांडण लागो, एखादं जनावर उधळो, अप्पा बघायचे नाहीत. "डोळा हलला की जनावर लंगडलं," एवढंच म्हणायचे. या माणसाच्या पोटी माझी फिरकीची मान कुठनं आली, असं आई बोलून दाखवायची. ती गेल्याला बरीच वर्षं झाली.

मग अप्पांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग घराचा रस्ता. सगळ्यांनी विसरण्याचंच दुःख केलं. मला मात्र त्यांची नजर सुटलेली दिसली. भिंतीवर कॅलेंडरचं पान हललं की अप्पा तिकडं. दोरीवर लुगडं उडालं की तिकडं. जे हलेल त्याच्यामागं नजर आणि नजरेमागं पाय. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, त्यांना स्वतःच्या सासरी नेऊन ठेवलं होतं. लोकाच्या घरात बापाला सांभाळणं सोपं नसतं. सासूचे टोमणे खाऊन तिनं दीड वर्ष काढलं. शेवटी एक दिवस फोनवर म्हणाली, "आठ दिस तू बघ रं. विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात एकदा दाखव. मला जरा दम खाऊ दे. पर हात सोडू नगंस बाबा त्यांचा. सोडला की गेले."

"न्हाई सोडत," मी म्हणालो.

दवाखान्यातनं परत येताना हे घडलं. रिक्षानं आम्हाला चौकात सोडलं. दुपारची वेळ. मी अप्पांचं मनगट धरून उभा होतो. समोरच्या दुमजली इमारतीवर दुसऱ्या दुकानाची दोन पोरं भलामोठा फ्लेक्स चढवत होती. वरची बाजू बांधून झाली होती, खालचा भाग अजून गुंडाळलेला. त्यांनी गुंडाळी सोडली आणि तो अख्खा फ्लेक्स फाडकन खाली उलगडला. पिवळा, त्यावर केशरी किरणं, मधे लाल पट्टा. सगळ्या चौकाच्या माना वर गेल्या. माझी तर गेलीच. आणि त्याच क्षणी वारा आत शिरला, फ्लेक्स शिडासारखा फुगला आणि वरच्या रिंगा ताणल्या. पोरांनी खालची दोरी बांधलीच नव्हती. मी ओरडलो, "ए, खालचं आधी बांध! खालचं!" चार पावलं पुढंही गेलो. दोन्ही हात वर करून त्यांना खुणावत होतो.

दोन्ही हात. म्हणजे मनगट केव्हा सुटलं ते त्यातच आलं.

वळून बघितलं तर अप्पा नव्हते. किती वेळ गेला असेल? तेव्हा म्हणत होतो, डोळ्याची पापणी लवली असेल. खोटं होतं ते. त्या पोरांनी दोरी खेचली, गाठ मारली, मला हात केला, मी हात केला. एवढं सगळं व्हायला जितका वेळ लागतो तितका.

आधी मी जागेवरच गोल फिरलो. मग पानाच्या टपरीवर विचारलं, फळवाल्याला विचारलं, बस थांब्यावर विचारलं. "म्हातारे? हितं? बघितलं न्हाई बा." सगळे तिथंच होते आणि सगळे वरती बघत होते. अप्पांना जाताना बघायला खाली कुणाचाच डोळा नव्हता. पळत पळत रस्त्याच्या दोन्ही टोकांना गेलो, गल्ल्यांत घुसलो, परत त्याच जागी आलो, की चुकून तेच परत आले असतील. दुपार टळेपर्यंत असाच येरझाऱ्या घालत राहिलो. घसा बसला. अप्पा म्हणून हाक मारली की भलतेच म्हातारे वळून बघायचे.

चौकीत हवालदार साहेबांनी नीट विचारलं, लिहून घेतलं. "अंगावर काय होतं?"

"धोतर, टोपी..."

"सदरा कोणत्या रंगाचा?"

मला सांगता येईना. सकाळी मीच त्यांच्या अंगात सदरा घातला होता. गुंड्या मीच लावल्या होत्या. त्या फ्लेक्सवरची केशरी किरणं किती फिकट होत गेली होती ते मी आजही सांगेन, पण बापाच्या सदऱ्याचा रंग आठवेना. हवालदार पेन थांबवून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, पांढराच लिहितो. पुढं आठवलं तर सांगा." ती त्यांची दया होती.

अक्काला फोन केला आणि पाण्याची बाटली सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्स छापायचं ठरवलं. भाई देगलूरला एका दुकानाचा बोर्ड बसवायला गेले होते. फोनवर म्हणाले, "पूछता क्या है? जितने लगे उतने छाप, जिधर लगाना उधर लगा." डिझाइन करणाऱ्या ताई लग्नाला गावी गेलेल्या. मशीन मला येत होती, डिझाइनही थोडंफार जमायचं. अप्पांचा धड असा फोटो एकच निघाला: भाचीच्या लग्नातला, पांढरी टोपी, दारात पाहुण्यांना हात जोडून उभे. कॉम्प्युटरवर नवं काही मांडायला माझे हात चालेनात. एकाच माणसाचा मोठा फोटो बसेल अशी तयार फाइल शोधली, सापडली, जुना चेहरा काढून अप्पांचा टाकला, जुनी अक्षरं पुसून 'हरवले आहेत' लिहिलं, खाली माझा नंबर. सहा छापले. संध्याकाळच्या आत सहा चौकांत बांधून आलो. शेवटचा विष्णुपुरीच्या रस्त्यावर, जिथून अप्पा गेले त्याच्या जवळच. बांधून झाल्यावर खाली उभा राहून मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता अख्खं नांदेड माझ्या बापाला शोधंल.

सकाळी फोन वाजायला लागला. पहिला फोन गावाकडनं, चुलत्यांचा.

"कवा झालं रं?" ते रडत होते. "माती कवा हाय? आमी निघायलो बघ."

"काका, अप्पा हरवलेत. गेले न्हाईत."

"आरं मग फोटूला हार कशाला घातलाव?"

"हार न्हाई काका, बॉर्डर हाय ती."

मग काका म्हणाले, "हात बी जोडून हाय की रं त्यो."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी फाइल उघडली तेव्हा लंबगोल बघितला नव्हता, निळं आभाळ बघितलं नव्हतं, झेंडू बघितला नव्हता. फक्त एका माणसाची मोकळी जागा बघितली होती. ज्याला नांदेडभरात आकारावरनं फ्लेक्स ओळखता येतो, त्यानं बापाला श्रद्धांजलीच्या चौकटीत बसवून सहा चौकांत टांगलं होतं. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. त्या एवढ्याशा चित्रात 'हरवले' कोण वाचणार? खाली लोकांनी रांगेनं भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली होती. एकानं तर अप्पांनी त्याच्या बैलाला किती चांगल्या पत्र्या मारल्या होत्या ते चार ओळींत लिहिलं होतं. वाचून मला रडू आलं आणि त्याच वेळी त्या माणसाचा रागही आला. आधी वाच की लेका.

मग अक्काचा फोन आला. ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

"मेले न्हाईत म्हनं."

"न्हाई, अक्का."

"मग एक सांग. पाण्याच्या बाटलीला किती येळ लागतो रं?"

मी सांगून टाकलं. फ्लेक्स उलगडला, मी बघितलं, पुढं गेलो, हात वर केले. सगळं. तिकडं तिच्या घरातली भांडी वाजत होती. ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्याचा बोर्ड." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या दिवशी मी केलेला एकही फोन तिनं उचलला नाही.

त्याच दिवशी चौकीतनं निरोप आला की शवागारात एक बेवारस म्हातारा आहे, बघून घ्या. जाताना रस्ता संपू नये असं वाटत होतं. आत गेल्यावर मी आधी पायांकडं बघितलं. अप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा बैलानं चेचलेला, नख नाही. इथं नख होतं. मी तिथंच खाली बसलो. हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली, कारण तोही कुणाचा तरी अप्पा होता आणि त्याच्यासाठी कुणीच आलं नव्हतं. तिथल्या माणसानं मला उठवून बाहेर आणलं आणि पाणी पाजलं.

भाई परत आले. माझं काम बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, ये तो तेरहवीं वाला है रे!" पण ओरडले नाहीत. स्वतः बसून नवा फ्लेक्स केला: भडक पिवळा, काळी ठळक अक्षरं, फुलं नाहीत, आभाळ नाही. जोडलेले हातही त्यांनी कापून काढले, नुसता चेहरा ठेवला. सकाळी आम्ही दोघं जुने काढून नवे लावत सुटलो. पाच बदलले. शेवटच्या, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या चौकाला मी एकटाच जाणार होतो.

जायच्या आधी मी एका नव्या फ्लेक्सखाली उभा राहिलो. म्हटलं, आता तरी बघतात का बघू. दोन तास उभा होतो. बाजाराचा रस्ता, किती माणसं गेली असतील देव जाणे. कुणीही वर बघितलं नाही. एका बाईच्या पिशवीतनं टमाटा पडला, घरंगळला, दहाबारा माणसांनी बघितलं. एका पोरीची ओढणी गाडीच्या चाकात जाता जाता राहिली, सगळ्यांनी बघितलं. कुत्र्याचं पिल्लू रस्ता ओलांडायला निघालं तर ट्रकवाला सुद्धा थांबून बघत होता. माझा बाप त्यांच्या डोक्यावर, माणसाच्या दुप्पट उंचीचा, भडक पिवळ्यावर, आणि त्याच्याकडं डोळा नाही. मी हात हलवून ओरडलो, "वर बघा की जरा! वर!" लोकांनी बघितलं. माझ्याकडं. एका आजोबांनी विचारलं, "काय झालं बाळा? बरं हाय ना?" मी म्हटलं, "वर बघा." ते आभाळाकडं बघून म्हणाले, "न्हाई, पाऊस न्हाई आज," आणि गेले.

आम्ही इतकी वर्षं मोठं छापा, भडक छापा करत आलो. पण डोळ्याला मोठं-भडक नको असतं. डोळ्याला हललेलं पाहिजे. फ्लेक्स बांधला त्या घटकेला लोक बघतात, कारण शिडी असते, माणूस लटकलेला असतो. गाठ बसली की तो भिंत होतो. हे मला तिथं उभं राहून कळलं, आणि कळून उपयोग नव्हता. चौथा दिवस होता. म्हातारा माणूस, नाव सांगता येत नाही, भूक लागली तर मागता येत नाही. विष्णुपुरीच्या धरणाकडं मी दोनदा जाऊन आलो होतो. पाण्यावर ऊन हलत होतं, सारखं हलत होतं, आणि जे हलतं त्याच्यामागं अप्पा जातात. यापुढचं मी मनाला विचारू देत नव्हतो.

शेवटच्या चौकात पोचलो तर जुन्या फ्लेक्सवर, अप्पांच्या गळ्याच्या जागी, खरा हार होता.

चौकटीच्या खिळ्याला अडकवलेला, शेवंतीचा, जरा सुकलेला. माझ्या डोक्यात काय झालं मला नीट सांगता येत नाही. शिडी लावली नाही. खिशातला कटर काढला, बाजूच्या कठड्यावर चढलो आणि दोरी कापली. एक, दुसरी. खालनं बाई ओरडली. चौकातल्या कोपऱ्यावर फुलं घेऊन बसणारी म्हातारी.

"आवं दादा! गेलेल्या माणसाचा फोटू असा का काढायलाव? पाप लागंल!"

"गेले न्हाईत! जिते हायत! हरवलेत म्हणून लिवलंय, वाचा की!"

"मला मेलीला वाचता येतंय का? उरल्यालं हार काठीनं टाकते बाबा, कुणाचं का असंना."

मी तिसरी दोरी कापली. हार घातला म्हणून नाही, घालणारी चांगली होती म्हणून मला जास्त रडू येत होतं. चौथी दोरी कापायची गरज पडली नाही. चौकट आपोआप सुटली आणि अप्पांसकट फाडकन खाली आली, खाली उभ्या रिक्षाच्या टपावर आपटून रस्त्यात उताणी पडली.

सगळा चौक थांबला. चहावाला गाळणं हातात धरून थांबला. मोटारसायकलवाल्यांनी पाय टेकले. दोन दिवसांत एकाही डोळ्यानं जे बघितलं नाही ते आता पन्नास डोळे बघत होते, कारण ते पडलं होतं. रिक्षावाला तावातावानं उतरला.

"डोळे हायत का बटणं हायत? टप फाटला असता की माजा! कुणाचा हाय ह्यो..." आणि तो वाकून बघतच राहिला. मान तिरपी करून. चेहरा त्याला उलटा दिसत होता. "हे बाबा... हे तर गादीवाल्या चाचाकडं बसल्यात की."

मी कठड्यावरनं उतरलो की पडलो ते आठवत नाही. "कुठं?"

"हितंच, मागल्या गल्लीत. कापूस पिंजायचं दुकान हाय न्हवं? काल गादी टाकायला गेलतो. पोत्यावर बसून मशीन बघून राहिले. हेच. ह्यो मस बी हाय की गालावर." मग त्याचाच चेहरा पडला. "आवं, ह्या बोर्डाखालीच लावून राहिलो मी रिक्षा, सकाळपासनं रात्रीपर्यंत. बघितलंच न्हाई बघा. मयताचा बोर्ड म्हणलं की सकाळी सकाळी नजर फिरवतो मानूस."

त्यानं मला रिक्षात घातलं. गल्ली एवढी जवळ होती की चालतही लवकर पोचलो असतो, पण त्याला मला चालत सोडायचं नव्हतं. फुलवाली मागनं ओरडत होती, "हाय का? जिता हाय का?"

दुकानात आधी काही दिसलं नाही, नुसता पांढरा धुरळा. पिंजायच्या मशीनचा घरघराट. मग दिसलं. कापसाच्या पोत्यावर अप्पा बसलेले. भुवयांवर, टोपीवर, मिशीवर कापसाची लव. सदरा निळा होता. निळा! मशीनच्या तोंडातनं कापूस उडत होता, वर जात होता, तरंगत खाली येत होता, आणि अप्पांची नजर त्याच्यासोबत वर जात होती, खाली येत होती. मी हाक मारली. त्यांनी बघितलं नाही. मी जवळ जाऊन गुडघ्यावर बसलो, पुन्हा हाक मारली. माझ्या डोक्यावरनं ते कापूस बघत राहिले.

"तुम्हारे वालिद हैं क्या?" गादीवाले चाचा मशीनमागनं म्हणाले. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं तोंड फडक्यात बांधलेलं.

मी मान हलवली.

आतनं चाची आल्या, ओढणीनं हात पुसत. "या अल्ला, आला का कुणी! अवो, नाम पूछे तो बोलते, पत्री मारायची का? गाव पूछे तो बोलते, पत्री मारायची का? हम बोले, हौ बाबा, मारो, पहले खाना खाओ." त्यांनी मला हाताला धरून पोत्यावर बसवलं. "रोता क्यूं है? खाते हैं अच्छे. भाकरी दूध में चूर के दी."

"दारातनं चालले होते," चाचांनी सांगितलं. "मशीन चालू होती. दारातच खड़े रह गए देखते. अंदर बिठाया. फिर क्या हुआ, मशीन बंद की की उठ के चलने लगते. फिर चालू की, तो बैठ गए." ते जरा लाजल्यासारखे हसले. "तो बंदच नहीं की. तीन रोज से चालू है. माल नहीं रहता तब खाली चलाता हूँ. इसी में चौकी तक जाना भी नहीं हुआ. बाहर ट्रक-टेम्पो का रस्ता है ना."

मी त्या मशीनकडं बघत बसलो. तिच्या तोंडात तेव्हा खरंच नवा कापूस नव्हता. पिंजलेलाच कापूस चाचा परत परत आत सारत होते.

मला चाचांच्या पाया पडायचं होतं. त्यांनी पडू दिलं नाही. मी म्हणालो, "चाचा, तुमच्या दुकानाचा बोर्ड मी करून देतो. मोठा. तुमच्या फोटोसकट." काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून बोललो. रिक्षावाला दारात उभा होता, तोच म्हणाला, "फोटू नगं रं बाबा. उद्या गिऱ्हाईक हार घिऊन येतील." चाची इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं. अप्पांना मात्र काही नाही. ते कापूस बघत होते.

"अब ले के जाना है तो बंद करनी पड़ेगी," चाचांनी बटणावर हात ठेवला, पण दाबलं नाही. "पहले हाथ पकड़ो."

मी अप्पांचं मनगट धरलं. "धरला."

"पक्का?"

"पक्का."

मशीन बंद झाली. घरघर थांबल्यावर दुकान एकदम मोठं वाटलं. हवेतला कापूस सावकाश खाली बसत गेला, शेवटचा पुंजका अप्पांच्या गुडघ्यावर बसला आणि मग काहीच हलेना. अप्पांची नजर इकडंतिकडं फिरली. दारावर गेली, रस्त्यावर गेली, आणि मनगटात मला तो ओढा जाणवला, उठायचा. जनावर दावणीला ओढतं तसा. मी तसाच बसून राहिलो. त्यांनी आपल्या मनगटाकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, आणि हातावरून वर येत येत माझ्या तोंडाकडं. ओळख पटली का, मला माहीत नाही. पटली असं लिहिलं तर मला बरं वाटेल, म्हणून लिहीत नाही.

खिशातला फोन मी डाव्या हातानं काढला. अक्का उचलणार नाही असं वाटत होतं. चाचींनीच नंबर लावून दिला, त्यामुळं रिंग जाईपर्यंत मला अप्पांकडं बघता आलं. तिनं उचलला.

"सापडले," मी म्हणालो.

तिच्या घरातली भांडी वाजायची थांबली.

"जिते हायत अक्का. जेवलेत. बरे हायत."

"हात धरलायस का?" तिनं विचारलं.

"धरलाय."

"मग फोनवर काय बोलायलास? ठेव."